मदत हवी आहे: रेल्वेच्या वकील पॅनेलवर असताना विधानसभेचा अर्ज भरता येतो का?

गोदाकाठ: नांदेड कोर्टात वकिली, रेल्वेच्या पॅनेलवर नाव. विधानसभा अपक्ष लढवायची आहे. पॅनेल कधी सोडावं? निवडून आलो तर सनद (वकिलीचा परवाना) जमा करावी लागते का? आणि मंत्रिपद मिळालं तर? (हसू नका, विचारून ठेवतोय.)

जुनी_सनद: पॅनेल आधी सोडा. महादेव विरुद्ध शांतीभाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या वकील पॅनेलवरची जागा लाभाचं पद धरली होती. सरकारकडचं लाभाचं पद असलेल्याला आमदारकीसाठी अपात्र ठरवणारा राज्यघटनेचा अनुच्छेद १९१(१)(क) नेमका इथेच आडवा येतो. कांता कथुरिया खटल्यात एकाच प्रकरणापुरती नेमलेली विशेष सरकारी वकील सुटली, कारण बहुमताच्या मते ते 'पद'च नव्हतं. तुमची नेमणूक तशी नाही. राज्याच्या १९५६ च्या अपात्रता निवारण कायद्याची अनुसूची (अपात्रतेतून सूट दिलेल्या पदांची यादी) जरूर पाहा, पण तिच्या भरवशावर अर्ज भरू नका. पात्रता छाननीच्या तारखेला बघतात, त्यामुळे राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र त्याआधी हातात हवं. नुसती पोच घेऊन गेलात तर विरोधकाचा वकील तिथेच धरणार.

कळमनुरीकर: सनदेचं सोपं आहे. बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरांसाठी. आमदार-खासदार त्यात बसत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं. आमदारकी आणि वकिली सोबत चालते. मंत्री झालात तर मात्र शपथेआधी वकिली थांबवा. मंत्र्यांच्या आचारसंहितेत आधीच्या धंद्याच्या कारभाराशी संबंध तोडायला सांगितलंय. सनद रद्द करायची नाही, स्थगित ठेवायची: राज्य बार कौन्सिलला रजिस्टर पोस्टाने कळवायचं, सोबत मूळ सनद. मंत्रिपद गेलं की अर्ज करून परत सुरू.

बाकी २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३ च मंत्री, त्यात अपक्षाचा नंबर युतीचं गणित अडलं तरच. शंकरराव चव्हाण कायदा शिकलेले, पण नांदेडच्या नगराध्यक्षपदावरून वर गेले. विलासरावही वकील, सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून. नगरपालिकेचा विचार करून बघा.

जुनी_सनद: अपक्षाला सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे) १० लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. एकाचं नाव शेजारच्या यादीत निघालं की अर्ज गेला. म्हणून यादीतला भाग आणि अनुक्रमांक स्वतः ताडून बघा, शक्यतो दुसरा अर्जही वेगळ्या सूचकांसह भरा. अनामत १०,००० (अनुसूचित जाती-जमातींना ५,०००). नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा नको, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. वकीलमंडळी इथेच घाई करतात. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी.

गोदाकाठ: आभार. रेल्वेकडे जुन्या फीची बिलं बाकी आहेत, ती अडचण ठरेल का?

जुनी_सनद: झालेल्या कामाची फी म्हणजे चालू पद नव्हे. पण ते येणं शपथपत्रात मालमत्तेत दाखवा. राजीनाम्याच्या पत्रात 'चालू प्रकरणांचे वकालतनामे सोडत आहे' हेही लिहा, आणि त्या कोर्टांत तशी पुरसिस (लेखी निवेदन) द्या.