तोफान, दंगल, दंगा, हुल्लड आणि लूट: कुठे काय म्हणायचं?

बडोदे (दांडिया बाजार), प्रश्न

आमच्या मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी जुन्या बडोदेकरांच्या आठवणी लिहून घेतोय. १९६९, २००२ अशी सालं निघाली की मराठी घरांतली वडीलधारी माणसं एकच शब्द वापरतात: तोफान. "एकोणसत्तरच्या तोफानात आमचं दुकान गेलं." आणि लगेच कट्ट्यावर चढणाऱ्या नातवाला, "तोफान करू नकोस रे, पडशील." शब्द गुजरातीतला आहे. तिथे दंगलही तोफान आणि पोरांचा दांडगेपणाही तोफान. आपल्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या रुळलाय.

पुण्याच्या ताईंनी मजकूर तपासून सगळीकडे 'दंगल' केलं आहे. मला 'दंगल' जड जातो, 'हुल्लड' तर चालतच नाही. गुजरातीत हुल्लड म्हणजे सरळ दंगल, मराठीत हुल्लड म्हणजे सिनेमाच्या तिकीटबारीवरची आरडाओरड. मग लिहायचं काय?

इंदूर, उत्तर

काका, आमच्या इंदुरात दंगल म्हटलं की आधी आखाडा आठवतो. नागपंचमीची दंगल, तांबडी माती, हलगी. मारामारीला इथे 'दंगा', आणि पोलिसांच्या कागदात 'बलवा'. माझे आजोबा घरी मराठीतसुद्धा "राजवाड्याकडे बलवा झालाय, जाऊ नका" असंच म्हणायचे.

कुस्तीचा हा अर्थ मला सोडवत नाही, कारण माझी 'दंगल' शब्दावरची हरकतच तिथून येते. दंगलीत दोन पैलवान असतात, वजनाला वजन, समोरासमोर. हा वास शब्दाला लागलेला आहे. म्हणून "दंगलीत इतके ठार" असं वाचलं की दोन्हीकडचे भिडले आणि पडले असं वाटतं. तुमच्याच गावात १ मार्च २००२ ला बेस्ट बेकरीत १४ माणसं मेली. तिथे कोण कोणाशी भिडलं होतं? बाहेर जमाव होता आणि आत घरात अडकलेली माणसं. त्याला दंगल म्हटलं की अर्धी गोष्ट झाकली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो खटला पुन्हा चालवायला मुंबईला पाठवला, तो खुनाचा खटला होता.

बडोदे (दांडिया बाजार)

कुस्तीचा अर्थ बडोद्यातही परका नाही. आमच्या भागातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने पिढ्या घडवल्या. उस्ताद जुम्मादादा मुसलमान, त्यांचे शिष्य माणिकराव, आणि शिष्याने संस्थेला गुरूचं नाव दिलं. ज्यांना ही 'दंगल' माहीत होती, त्यांनी रस्त्यावरच्या जाळपोळीला तो शब्द न देता 'तोफान' म्हटलं, हे मला लक्षात घेण्यासारखं वाटतं.

पुणे (मजकूर तपासणारी)

काका, 'तोफान' मी खोडला तो बडोद्याबाहेरच्या वाचकासाठी. चंद्रपूरच्या वाचकाला "एकोणसत्तरच्या तोफानात दुकान गेलं" म्हणजे पूर आला की वावटळ, हे कळणार नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी तो राहू दे, हे मान्य. पण दुसरी अडचण त्या शब्दातच आहे. तोफान येतं आणि जातं. ते आणलं कोणी, हा प्रश्न तोफानाला विचारता येत नाही. इंदूरच्या दादांनी 'दंगल'वर घेतलेली हरकत 'तोफान'लाही लागू होते, थोडी जास्तच.

कायद्यातला शब्द 'दंगा' आहे, आणि त्याला निदान व्याख्या आहे. आपल्याकडे बेकायदेशीर जमाव पाच माणसांपासून सुरू होतो. त्या जमावाने समान उद्देशाने बळ वापरलं की दंगा. जुन्या दंडसंहितेत कलम १४६, आता न्यायसंहितेत १९१. इंग्लंडमध्ये १९८६ च्या कायद्याने ही संख्या १२ आहे. म्हणजे तीच गर्दी इथे दंगा आणि तिथे नाही, असंही होऊ शकतं.

लंडनचं उदाहरण घ्या. ४ ऑगस्ट २०११ ला टॉटनहॅममध्ये मार्क डगन हा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. ६ तारखेला घरचे आणि शेजारीपाजारी पोलीस ठाण्याबाहेर उत्तर मागत उभे राहिले, रात्री गाड्या पेटल्या, आणि मग चार-पाच दिवस शहराशहरांत दुकानं फुटत गेली. पंतप्रधान कॅमेरन म्हणाले, ही निव्वळ गुन्हेगारी. लेखक डार्कस हाव बीबीसीवर म्हणाले, मी याला दंगल म्हणत नाही, जनतेचा उठाव म्हणतो. क्लॅपममधले लोक झाडू घेऊन रस्ता साफ करायला उतरले, त्यांना दोन्ही शब्दांशी देणंघेणं नव्हतं. आणि खटले? सगळं जग 'दंगल' म्हणत असताना बहुतेकांवर आरोप लागले घरफोडीचे आणि चोरीचे. पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका उचलला म्हणून एका विद्यार्थ्याला सहा महिने झाले. खोक्याची किंमत साडेतीन पौंड.

ग्वाल्हेर, उत्तर

नामापेक्षा क्रियापदं बघा. दंगल उसळली, भडकली, पेटली. गुजरातीत तोफान 'फाटी नीकळ्यां', म्हणजे उफाळलं. एकाही वाक्यात कर्ता नाही. कर्ता आला तर 'समाजकंटक', नाहीतर 'दोन गट'. समाजाची नावं छापू नयेत हा वर्तमानपत्रांचा संकेत आहे आणि त्यामागचं कारण रास्त आहे, आगीत तेल नको. पण तीस वर्षांनी आठवणी लिहिताना 'दोन गटांत' लिहायचं कारण उरत नाही. ज्याचं दुकान गेलं त्याला कोण आलं होतं ते माहीत असतं, बरेचदा नावानिशी.

बडोदे (दांडिया बाजार)

कर्त्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. आता 'लूट'कडे येतो, कारण आठवणी लिहिताना मी सगळ्यात जास्त तिथे अडलो.

लुटणं हा आपल्याकडे किती भल्या अर्थांचा शब्द आहे बघा. दसऱ्याला सोनं लुटतात. आनंद लुटतात. उत्तरायणात आमची पोरं गच्चीवरून गच्चीवर पतंग लुटत धावतात, आणि कापलेला पतंग ज्याच्या हाती लागला त्याचा, हे सगळ्यांना मान्य असतं. बेवारस झालेल्या वस्तूवर सगळ्यांचा हात, ही भावना त्या शब्दात आहे. इंग्रजीने हा शब्द आपल्याकडूनच नेला, लंडनच्या बातम्यांत तोच होता.

एका कापड दुकानदारांची आठवण माझ्याकडे आहे. जमावाने पहारीने शटर वाकवलं, ते ओळखीचे नव्हते. त्यांनी आग लावायचा प्रयत्न केला, ती नीट लागली नाही, आणि ते पुढे गेले. त्यानंतर जे आले ते मागच्या गल्लीतले. बायाबापड्या, पोरं. साड्यांचे गठ्ठे गेले, ताके गेले, शेवटी खुर्चीही गेली. मोजायचा लोखंडी गज आणि उधारीची वही तेवढी जागेवर होती. दुकानदार आजोबा सांगतात, "पहिल्यांचा राग होता. दुसऱ्यांना माझ्याबद्दल काहीच नव्हतं. चार दिवसांनी त्यातली एक जण उधारी फेडायला आली." अंगावर काटा आला माझ्या. या दोन जमावांना एकच 'लुटारू' म्हणायचं? पहिले जाळायला आले होते. दुसऱ्यांना दार उघडं दिसलं.

आणि याच्या उलट चित्र आपल्या इतिहासात आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर गेले. तिथे दुकानं लुटलीही गेली. पण पुढे गावोगाव पसरलं ते कर्जरोखे आणि गहाणखतं जाळणं. कागद मुकाट्याने काढून दिले तिथे बहुधा पुढे हात उचलला गेला नाही, हे सरकारच्या चौकशी आयोगाने स्वतःच नोंदवलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळलेला, वर सारावाढ, आणि सावकाराचं व्याज. सरकारने नाव दिलं 'दख्खनचे दंगे', आणि चार वर्षांनी, १८७९ मध्ये, त्याच शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. मराठीत आज आपण 'उठाव' म्हणतो. माझ्या दुकानदाराची वही राहिली आणि माल गेला. सुप्याला मात्र माल राहिला असता तरी चाललं असतं, वही जायला हवी होती. काय नेलं आणि काय सोडलं यावरून कारण कळतं. 'लूट' लिहून थांबलं की ते हातून जातं.

इंदूर

मग १९७४ चं काय करणार? नवनिर्माण.

बडोदे (दांडिया बाजार)

तेच सगळ्यात कठीण. डिसेंबर १९७३ ला अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून पोरं भडकली. तेल, धान्य, सगळ्याचेच भाव वर गेलेले होते. राज्यभर बसगाड्या जळल्या, धान्याची दुकानं फुटली, संचारबंदी लागली, गोळीबारात माणसं मेली. ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल पायउतार झाले. याला बडोद्यात एकही माणूस तोफान म्हणत नाही, आंदोलनच म्हणतात. शटर तसंच वाकलं होतं, धान्याची पोतीही तशीच गेली. पण राग कशाचा हे घराघरात माहीत होतं आणि तो स्वतःचाही होता, म्हणून नाव चांगलं मिळालं. ज्याचं धान्याचं दुकान फुटलं त्या घरात मी विचारलं, तर तेही आंदोलनच म्हणाले, पण थोडं थांबून.

पुणे (मजकूर तपासणारी)

काका, हे 'थोडं थांबून' अंकात येऊ दे. लॉस एंजेलिसमध्ये १९९२ ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारहाण करणाऱ्या पोलिसांची सुटका झाली, शहर पेटलं आणि साठाहून अधिक माणसं गेली. त्या घटनेला कोणी दंगल म्हणतं, कोणी उठाव. ज्यांची दुकानं जळली ते कोरियन लोक नुसते 'सा-ई-गू' म्हणतात, म्हणजे चार-दोन-नऊ, २९ एप्रिल. तारीख सांगायची आणि गप्प बसायचं. तुमच्या आजोबांचं 'एकोणसत्तर' मला तसंच वाटतं.

मी 'दंगल'च्या खुणा काढते. सांगणाऱ्याचा 'तोफान' तसाच ठेवू, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ देऊ. पण आपल्या स्वतःच्या वाक्यांत मला तोफानही नको, दंगलही नको. कोण आलं, काय फोडलं, काय नेलं, पोलीस कधी आले, असं लिहा. जमाव दोन होते तर दोन लिहा.

बडोदे (दांडिया बाजार)

लिहितो. उधारी फेडायला आलेल्या बाईंचं नाव आजोबांनी घेऊ दिलं नाही, तेवढं गाळावं लागेल.