डेटा सेंटरला शुल्कमाफी दिली, ती कशाच्या बदल्यात?

रबाळे_नाका
परवा इथे एकांनी लिहिलं की नवी मुंबईत एवढी डेटा सेंटर (कंपन्यांचे सर्व्हर ठेवायच्या इमारती) आली ती सरकारच्या सवलतींमुळे, आणि 'नोकऱ्या कुठे' विचारणाऱ्यांनी आधी आपली मुलं शिकवावीत. दोन दिवस दुर्लक्ष केलं. आज राहवत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका केमिकल कंपनीत मी २२ वर्षं ऑपरेटर होतो. तीन पाळ्या, कँटीन, युनियन, दिवाळीला बोनस. कंपनी बंद पडली, शेड तुटली. आज त्याच गल्लीत डेटा सेंटर आहे. बिनखिडक्यांची भिंत, गच्चीवर ओळीने चिलर म्हणजे थंडाव्याची यंत्रं, मागे डिझेल जनरेटर. टेस्टिंगला जनरेटर लावले की आमच्या ओट्यावरचे स्टीलचे पेले एकमेकांवर वाजतात. पहिल्या पाळीला आमच्या गेटातून दीडशे माणसं आत जायची. इथे सकाळी सातला उभं राहून मोजली. सव्वीस, त्यातले नऊ सिक्युरिटीचे.

मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. वर्षभर अर्ज करतोय. बोलावणं आलं ते कंत्राटदाराचं, गेटवर बारा तास उभं राहण्यासाठी. वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्कात सूट, वर वाढीव एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा. मुलगा शिकलाय. आता सूट कशाच्या बदल्यात दिली ते मला कुणीतरी सांगा.

हिशेबनीस_वाशी
काका, मुलाचं ऐकून वाईट वाटलं, पण हिशेब चुकतोय. माफी म्हणजे तिजोरीतून काढून दिलेले पैसे नव्हेत. ते आलेच नसते तर शुल्कही आलं नसतं. आणि उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत ठाणे-नवी मुंबई 'अ' म्हणजे विकसित भागांच्या गटात आहे, म्हणजे मिळतं ते सगळ्यांत कमी. मोठ्या सवलती 'ड' आणि 'ड+' या मागास तालुक्यांना. राहिला केमिकलचा विषय. ऐरोलीत रात्री खिडकी उघडली की जो वास यायचा, त्यात मी दम्याचा पंप घेऊन वाढलोय. त्या कंपन्या गेल्या याचं मला अजिबात दुःख नाही.

रबाळे_नाका
वास होता, नाकारत नाही. पण डेटा सेंटर इथे का आली? समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. बँका आणि शेअर बाजार खाडीपलीकडे. भरवशाची वीज आहे. ती यवतमाळला जाणारच नव्हती. जो पाहुणा येणारच होता, त्याला आहेर कशासाठी?

वागळे_लेथ
माझंही ऐका. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची. वडिलांनी इथे गाळा घेतला. आज दोन सीएनसी, तीन लेथ आणि अकरा कामगार. दर महिन्याच्या बिलात वीज शुल्काची ओळ असते आणि मी ती मुकाट्याने भरतो. 'अ' गटाला सगळ्यांत कमी मिळतं, हे हिशेबनीस साहेबांनी बरोबर सांगितलं, आम्हाला तर काहीच नाही. मग त्याच 'अ' गटात डेटा सेंटरला वेगळ्या धोरणातून माफी मिळते ती कशी? गाळा भावाच्या नावावर करायला गेलो तर हस्तांतरण शुल्क ऐकून परत आलो. शेजारचे दोन गाळे गेले, एकात बँक्वेट हॉल, दुसऱ्यात कॉल सेंटर. पावसाळ्यात रस्ता असा होतो की टेम्पोवाला माल नाक्यावरच उतरवतो. दहा-वीस माणसं पोसणाऱ्याला कुणी विचारतं का?

घणसोली_गाव
सगळे नोकऱ्यांवर बोलताय, जमिनीवर कुणीच नाही. आमची भातशेती आधी एमआयडीसीत गेली, १९७०ला सिडको आली तेव्हा उरलेली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरणला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, त्यांचं नाव विमानतळाला द्यायचं राज्याने ठरवलं, छाती भरून आली. पण नोकरीत काय? सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के स्थानिक घ्यायचे, सुपरवायझरी जागांवर ५० टक्के, असा २००८चा जीआर आहे. त्यातला 'स्थानिक' कोण? राज्यात १५ वर्षं राहिलेला कुणीही. म्हणजे जमीन घणसोलीची आणि स्थानिक कोल्हापूरचा, साताऱ्याचा. आमच्या गावच्या पोराने टँकर चालवायचा.

कोपरखैरणे_माथाडी
साताऱ्याचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. माझे वडील जावळीहून आले, कांदा-बटाटा मार्केटात आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या. मानेवर अजून गाठ आहे. माझा जन्म इथला, शाळा इथली, बापाला अग्नी इथल्याच स्मशानात दिला. मी स्थानिक नाही तर कोण? भाडं घ्यायला आम्ही चालतो तुम्हाला.

घणसोली_गाव
भाड्याचं काढू नका. त्या चाळी बांधल्या म्हणून तुमच्या वडिलांना स्वस्तात खोली मिळाली. तुमच्या गावी शेत आहे ना अजून? आमचं कुठे आहे ते दाखवा. त्यावर कंपनीची कंपाउंड वॉल आहे.

कोपरखैरणे_माथाडी
गावी वीस गुंठे, तीन भावांत, तेही डोंगरउताराचं. चला दाखवायला नेतो.

हिशेबनीस_वाशी
हे कुठून कुठे गेलं? मूळ प्रश्न सवलतीचा आहे.

घणसोली_गाव
तुमच्यासाठी असेल. आमच्यासाठी मूळ प्रश्न हाच आहे. सवलत राज्य देतं, जमीन आम्ही दिली.

चिलर_शिफ्ट
मी अशाच एका डेटा सेंटरमध्ये काम करते, म्हणून बोलते. ठाण्यात राहते, डिप्लोमा इलेक्ट्रिकल. आमच्या पाळीत चौदा जण. यूपीएस, बॅटरी रूम, एचटी म्हणजे उच्च दाबाच्या विजेचं पॅनेल, चिलर, सगळं आम्हीच बघतो. रबाळेकाका, तुम्ही गेटवर मोजलेली माणसं खरी, पण एका पाळीची. आणि काम हलकं नाही. रात्री तीनला एक चिलर ट्रिप होऊन बंद पडला तेव्हा दुसरा लोड घेईपर्यंत हॉलचं तापमान स्क्रीनवर चढताना बघत होते. तळव्यांना घाम फुटला होता. हे शिकून मुलं पुढे चांगल्या पगारावर जातात, मी पाहिलंय. तेव्हा 'फक्त वॉचमन' म्हणू नका, मनाला लागतं.

मात्र मी चौथ्या वर्षीही कंत्राटदाराच्याच पगारपत्रकावर आहे. कंपनीच्या नावाचं आयकार्ड नाही.

रबाळे_नाका
ताई, तुमच्या कामाला नावं ठेवली नव्हती. तसं वाटलं असेल तर चुकलं. पण शेवटची दोन वाक्यं तुम्हीच लिहिलीत. चार पाळ्या धरल्या तरी छप्पन्न. तीही कंत्राटावर.

हिशेबनीस_वाशी
ठीक आहे. येणारच होता त्याला माफी का, याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. तेवढं मान्य. पण माफी काढून टाका असं मी म्हणणार नाही, उद्या हैदराबाद आणि चेन्नई टपून बसलेत. अट घाला. किती माणसं, कोणत्या कामावर, कुणाच्या पगारपत्रकावर. नाही पाळलं तर शुल्क वसूल करा.

वागळे_लेथ
आणि ती अट आम्हाला लावा, मी उद्या सही करतो. अकराच्या अकरा माझ्या पगारपत्रकावर आहेत.

रबाळे_नाका
इमारत बांधताना बाहेर पाटी लावावी लागते, मंजुरी क्रमांक, क्षेत्रफळ, ठेकेदार. तशी पाटी सवलत घेणाऱ्याच्या गेटवर लावा. यंदा इतकं शुल्क माफ, इतक्या माणसांना काम, त्यातली प्रकल्पग्रस्त गावांतली इतकी. घणसोलीकर, शेवटचा आकडा तुमच्यासाठी. मला जीआर वाचायला लावू नका, रस्त्यावरून जाताना वाचता आलं पाहिजे.

घणसोली_गाव
पाटी चालेल. माथाडी दादा, वडिलांच्या मानेचं वाचून गप्प झालो. माझा काकाही त्याच मार्केटात होता. व्याख्येवरचं म्हणणं मात्र सोडत नाही.

कोपरखैरणे_माथाडी
मीही सोडत नाही. कोणत्या गाळ्यावर होते काका?

चिलर_शिफ्ट
रबाळेकाका, आमच्याकडे दोन जागा निघतायत. मुलाकडे वायरमनचं लायसन्स आहे का? एचटी पॅनेलवर हात नसला तरी चालेल, शिकवतात. कंत्राटच आहे, आधीच सांगते.

रबाळे_नाका
लायसन्स आहे, २०२३चं. लिहिलेलं एक अक्षर मागे घेत नाही, पण सोमवारी त्याला पाठवतो. गेटवर कुणाला भेटायचं ते मेसेज करा.