मूळपुरुष तीन महिन्यांचा

(फॅमिली ग्रुप: आपण सगळे)

ताई: एक बातमी. सासूबाईंच्या पाठोपाठ मीही सोसायटीची मेंबर झाले.

अण्णाकाका: अभिनंदन. मेंटेनन्स किती?

ताई: हाहा, ती सोसायटी नाही हो काका. फॅमिली हिस्टरी सोसायटी. इथे इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक काउंटीत असते. आपापल्या घराण्याचा शोध घेणारे लोक. वर्गणी असते, बैठका असतात, नियतकालिक निघतं.

बंटी: पण ताई, हे सगळं नेटवर मिळतं ना? नाव टाकलं की वंशवृक्ष तयार. वर्गणी कशाला भरायची?

ताई: तसाच तयार झालेला वंशवृक्ष आमच्याकडे होता. बसमधून उतरले की लिहिते.

वहिनी: लवकर उतरा.

ताई: तर ऐका. ह्यांच्या खापरपणजोबांचे वडील विल्यम. साइटवर त्यांचा बाप्तिस्मा सापडला, १८१४ चा. गाव तेच, आईवडिलांची नावं तीच. आणखी तीन अनोळखी लोकांच्या वंशवृक्षांतही तोच विल्यम, म्हणून आम्ही पक्कं धरून चाललो. फक्त १८४१ च्या जनगणनेत त्यांचं वय २० लिहिलंय, हवं २७. म्हटलं, लिहिणाऱ्याने घोळ घातला असेल.
बैठकीत एका आजोबांनी ते पान पाहिलं आणि म्हणाले, घोळ त्याचा नाही, तुमचा. १८४१ मध्ये १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं अशी सूचना होती. २७ चा माणूस २५ लिहिला गेला असता. २० म्हणजे तो २० ते २४ मधला. आता ही सूचना सगळ्यांनी पाळली असं नाही. पण त्यांनी पानावरून बोट फिरवून दाखवलं: मोठ्यांची सगळी वयं २०, २५, ३५, ५० अशीच. म्हणजे ह्या लिहिणाऱ्याने सूचना पाळली होती. आम्ही ते पान वर्षभर बघत होतो, पण फक्त आपली ओळ.

अण्णाकाका: मग १८१४ वाला कोण?

ताई: तेच. त्या गावच्या दफनाच्या नोंदी आमच्या साइटवर नव्हत्याच. सोसायटीच्या मेंबरांनी रजिस्टरवरून हाताने उतरवून सूची केली होती. त्यात सापडला: विल्यम, १८१४, वय ३ महिने. १८१३ पासून दफनाच्या छापील रजिस्टरात वयाचा रकाना आला, म्हणून हे कळलं तरी. आम्ही ज्याला मूळपुरुष म्हणत होतो ते तान्हं बाळ होतं.

आत्या: अगं बाई.

ताई: आणि १८१७ मध्ये त्याच आईवडिलांना पुन्हा मुलगा, पुन्हा विल्यम. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवत तेव्हा. हा आमचा. १८४१ ला बरोबर २० च्या खान्यात बसतो.

बंटी: हे एआयनेही पकडलं असतं.

ताई: जी नोंद नेटवर नाही ती कुठून पकडणार? आणि ते तीन वंशवृक्ष म्हणजे तीन साक्षीदार नव्हते रे, एकाचं बघून दोघांनी उतरवलेलं. नेट मीही रोज वापरते. पण नेट कधी विचारत नाही की हे तुला कुणी सांगितलं. ते आजोबा दर वाक्याला विचारतात. वैताग येतो कधीकधी, खरं सांगते.

वहिनी: सासूबाई काय करतात तिथे?

ताई: थडग्यांवरचे लेख उतरवतात! दगड झिजतात, कलतात, काही हलवलेही जातात. त्याआधी वाचून ठेवायचे. एकजण आरसा धरून उजेड बाजूने पाडतो. समोरून सपाट दिसणारा दगड, तिरपा उजेड पडला की अक्षरं वर येतात. दुसरा लिहून घेतो. खरवडायचं नाही, खडू चोळायचा नाही. परवा मी आरसा धरला होता, दीड तासात हात गेले. एका दगडावर नवरा, बायको, बायकोची बहीण. ही बहीण कुणाच्याच यादीत नव्हती.

अण्णाकाका: नव्या माणसाला उपयोग काय पण?

ताई: कुठे शोधू नये ते कळतं. माझी नणंद कित्येक महिने १९३१ ची जनगणना शोधत होती. इंग्लंड आणि वेल्सचे ते कागद १९४२ च्या आगीत जळालेत! १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. १९५१ ची शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाही. म्हणून मधल्या काळासाठी १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेली नागरिकांची नोंद, बघायचं. पहिल्याच बैठकीत दोन मिनिटांत सांगितलं तिला.

अण्णाकाका: आपल्याकडचं काही मिळेल का गं तिथे?

ताई: फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी आहे, १९९८ ची. पण ती मुख्यतः इथून तिकडे गेलेल्यांची. आपली माणसं मिळतील अशी आशा नको. पद्धत मात्र उचलता येईल.

आत्या: मग करू या ना. सगळ्यांनी आपापल्या जन्मतारखा टाका इथे.

ताई: आत्या, हयात माणसांच्या तारखा ग्रुपवर नकोत. सोसायटीतही तो दंडक आहे. गेलेल्यांपासून सुरू करू.

अण्णाकाका: (फोटो) हा घ्या. कपाटात होता. मागे काही लिहिलेलं नाही. डावीकडून तिसरे आमचे थोरले काका.

आत्या: काहीतरीच काय अण्णा, ते

ताई: थांबा थांबा! ग्रुपवर नको. दोघांनी मला वेगवेगळं पाठवा. कोण कोण आहेत आणि तुम्हाला ते कुणी सांगितलं. एकमेकांचं वाचायचं नाही.

बंटी: परीक्षाच सुरू झाली.

आत्या: पाठवते. पण ते थोरले काका नव्हेत, एवढं इथेच सांगून ठेवते.