शब्दचर्चा : पाळक 'स्वच्छंदी' नसावा, म्हणजे नेमका कसा नसावा?

नवापूरकर
आमच्या मंडळीची (चर्चची) नियमावली नव्याने टाइप करायचं काम गळ्यात पडलंय. जुनी प्रत मिशनच्या काळातली, सायक्लोस्टाइल केलेली, अर्धी अक्षरं उडालेली. पाळक (म्हणजे पाद्री) नेमण्याच्या कलमात बायबलमधली, पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रातली यादी (1:7) तशीच उतरवली आहे : स्वच्छंदी, रागीट, मद्यपी, मारका नसावा. बैठकीत वाचून दाखवली तर तरुण संघातला एक जण म्हणतो, "बाकीचं कळलं, पण स्वच्छंदी असला तर काय बिघडलं? चांगलाच की, मोकळा माणूस!" पोरं हसली, पंच कमिटीतले दोघे चिडले. पण पोराचं काय चुकलं? आज स्वच्छंदी म्हटलं की पाखरूच डोळ्यांपुढे येतं. तिथे म्हणायचंय 'आपलंच खरं करणारा'. मग काय लिहू? हट्टी, हेकट, हेकेखोर, दुराग्रही, आडमुठा? पुढच्याच ओळीत 'लीन असावा' आहे, त्याचं 'नम्र' करू का? रविवारपर्यंत द्यायचंय.

भुसावळ जंक्शन
स्वच्छंदीच ठेवा आणि खाली टीप द्या. मूळ ग्रीक शब्द 'औथादेस'. फोड केली तर 'स्वतः' अधिक 'सुख मानणे'. आपल्याकडे स्व अधिक छंद, आणि छंद म्हणजे इच्छा, मर्जी. भाषांतर करणाऱ्याने जोडाला जोड बसवलाय. वाचणाऱ्याचं मराठी पातळ झालं म्हणून शास्त्रही पातळ करायचं का?

केळीबाग रावेर
रे भो, शास्त्र वाचणाऱ्यासाठीच असतं ना? 'सौम्य'चं काय झालं बघा. "जे सौम्य ते धन्य" आपण पाठ केलं. आता सौम्य काय काय असतं? ताप, साबण, भूकंपाचा धक्का, आणि पेपरात रोज 'सौम्य लाठीमार'. उद्या पाळक सौम्य असावा असं लिहिलं तर लोक विचारतील, किती काठ्या?

अहिराणी माय
माझी आजी अशा माणसाबद्दल एवढंच म्हणायची, "तो कोनं आयकस नई." नियमावलीत तेच लिहा : कोणाचं ऐकत नाही असा नसावा. शब्दच नको.

भुसावळ जंक्शन
ताई, या चाळणीतून संत अथानासियसही खाली पडेल. 328 ते 373 अलेक्झांड्रियाचा बिशप. पाच वेळा हद्दपार झाला, साधारण सतरा वर्षं गादीबाहेर काढली. सम्राटांचं ऐकलं नाही, समोरच्या बिशपांचंही नाही. तुमचं कलम लावलं असतं तर नेमणूकच रद्द.

नवापूरकर
अडलंय ते तिथेच. आपल्या बाजूचा असला की खंबीर, ठाम. समोरचा असला की हेकेखोर. शब्द माणसावर नाही, बोलणाऱ्यावर अवलंबून. असा शब्द कलमात कसा घालायचा?

पारोळ्याची ताई
मी 'लीन'च्या बाजूने. 'नम्र'वर माझा विश्वास उरलेला नाही, त्याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यातल्या एका मंडळीत (गाव विचारू नका) एक पाळक होते. प्रार्थनेला उभे राहिले की मान छातीला टेकलेली, आवाज इतका हळू की मागच्या सतरंजीवरच्या बायका कान पुढे करायच्या. "मी तर माती आहे, धूळ आहे, या सेवेला लायक नाही." आणि हिशेबाच्या कपाटाची किल्ली कायम सदऱ्याच्या आतल्या खिशात. खजिनदाराने वही मागितली की म्हणायचे, "मी प्रभूला विचारून सांगतो." प्रभूचं उत्तर काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी खजिनदार बदलले. आता सांगा, हे नम्र की हेकेखोर? नम् म्हणजे वाकणे, ते शरीराचं काम. लीन ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ चिकटणे, विरघळणे. वाकता ढोंगानेही येतं, विरघळता येत नाही.

केळीबाग रावेर
ताई, किस्सा एक नंबर, व्युत्पत्तीत गडबड. त्याच धातूचे तल्लीन आणि विलीन. विलीन तर आजकाल बँका होतात. त्या काय लीन असतात का?

शुद्धलेखन मास्तर
'हेकेखोर' अजिबात नको. 'खोर' हा प्रत्यय फारसी, अर्थ 'खाणारा'. धार्मिक दस्तऐवजात तो शोभत नाही. 'दुराग्रही' लिहावे. शुद्ध, भारदस्त, आणि गांधीजींमुळे सत्याग्रहाच्या विरुद्ध म्हणून देशभर माहीत.

केळीबाग रावेर
मास्तर, पाद्री पोर्तुगीज, बाप्तिस्मा ग्रीक, आमेन हिब्रू. आमच्या दस्तऐवजात फारसीचीच तेवढी बाट लागते? आणि 'दस्तऐवज' कुठला, तेही बघून ठेवा. दुराग्रह तर खानदेशात चालणारच नाही. इथे तिसऱ्यांदा भरीत वाढलं तर तो आग्रह, ताटावर हात आडवा धरल्यावरही वाढलं तर दुराग्रह, आणि तसा न करणाऱ्या घरी परत कोणी जेवायला जात नाही.

शुद्धलेखन मास्तर
विनोदाने प्रश्न सुटत नाही.

सातपुडा
पौलाचं कोणीच काढत नाही? अंत्युखियात त्याने येशूच्या शिष्याला, पेत्राला, सगळ्यांसमोर सुनावलं (गलती 2). पेत्र यहूदी नसलेल्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही जण आले तसा घाबरून पंगतीतून बाजूला झाला. तिथे पौल अडला ते बरोबर, मी त्याला ठाम म्हणेन. पण प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये तोच पौल मार्काला प्रवासात बरोबर न्यायचं नाही म्हणून आपल्या सोबत्याशी, बर्णबाशी, इतका भांडला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ज्या बर्णबाने त्याला यरुशलेमात हात धरून उभं केलं, त्याच्याशी! हा शुद्ध हेका. आणि शेवटी तीमथ्याला पत्र लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. हेका सुटलेला तिथे दिसतो. एकाच माणसाला दोन्ही शब्द लागतात, म्हणून नियमावलीत विशेषण नकोच, वागणूक लिहा : हिशेब मागितला तर दाखवतो का, चूक दाखवली तर बदलतो का.

पारोळ्याची ताई
हे पटलं. किल्ली कोणाकडे असते, हेही लिहा.

भुसावळ जंक्शन
वागणुकीवरूनही भागत नाही. आमच्यात (कॅथलिकांत) पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस रोमच्या बालतुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या, त्यांतली एक मुस्लिम. विधीच्या नियमात तेव्हा 'पुरुष' असा शब्द होता. म्हणजे गुडघ्यावर बसले ही लीनता, आणि लिहिलेला नियम बाजूला ठेवला हा... काय? त्यावरून आमच्या चर्चच्या आवारात दोन काका महिनाभर बोलत नव्हते. एक म्हणे एवढा नम्र पोप झाला नाही. दुसरे म्हणे जो स्वतःच्या मर्जीने विधी बदलतो तोच स्वच्छंदी, तीताला लिहिलंय तोच. मग जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला, बायका चालतील असा. दुसऱ्या काकांचं म्हणणं त्यानंतर आणखी पक्कं झालं.

अहिराणी माय
म्हणजे काकाच कोनं आयकस नई.

सातपुडा
आपल्याकडचंच बघायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळक. 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. येशूपुढे लीन आणि संस्थेपुढे ताठ. माझ्या मते खरा क्रम हाच. आताचे बरेच जण उलटे : वरून साहेब आले की लीन, मंडळीपुढे ताठ.

नवापूरकर
मंडळी, शनिवार उजाडला. हेकेखोर की दुराग्रही?

शुद्धलेखन मास्तर
दुराग्रही. खोर लागलेला एकही चांगला शब्द मराठीत नाही. लाचखोर, भांडखोर, नफेखोर, चुगलखोर, हल्लेखोर, खंडणीखोर. प्रत्ययच कलंकित आहे.

सातपुडा
मास्तर, पाळक कसा नसावा हे लिहायचंय. तिथे कलंकितच प्रत्यय हवा ना?

केळीबाग रावेर
आणि चांगला शब्द आहे की. बंडखोर.

शुद्धलेखन मास्तर
बंडखोर चांगला कधीपासून? निवडणुकीत पक्ष त्याला सहा वर्षांसाठी काढून टाकतात.

केळीबाग रावेर
निवडून आला की सहा दिवसांत हार घालून परत घेतात ना भो. आणि पोपविरुद्ध लिहिणाऱ्या ल्यूथरचं काय? 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभं करून लिखाण मागे घे म्हणाले, घेतलं नाही. निम्म्या युरोपाला तो बंडखोर आवडला.

भुसावळ जंक्शन
उरलेल्या निम्म्याला विचारा. शाळेच्या पुस्तकात मी 'धर्मसुधारक' वाचलं. आमचे आजोबा मात्र त्याच्यासाठी वेगळाच शब्द वापरायचे, तो इथे लिहिता येणार नाही.

पारोळ्याची ताई
लिहा की, शब्दचर्चाच चाललीय.

भुसावळ जंक्शन
कोकणी आहे ताई. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.