मदत हवी आहे : भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीला जाण्यापूर्वी गणिताची तयारी कोठून सुरू करावी?

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो आहे. अभियांत्रिकीला मनासारखी शाखा मिळाली नाही, तर शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे ठरवले आहे. दोन्हींपैकी काहीही झाले तरी वर्ग सुरू होईपर्यंत हाती साधारण दोन महिने आहेत आणि ते मला गणितासाठी द्यायचे आहेत.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे दिलेले पर्याय समीकरणात घालून पाहणे, सूत्र चटकन आठवणे आणि न जमणारा प्रश्न सोडून पुढे जाणे, याच गोष्टींचा आम्ही दोन वर्षे सराव केला. त्याचा मला परीक्षेत उपयोग झाला, हे मान्य करतो. परंतु गेल्या आठवड्यात शेजारच्या दादांनी, जे सध्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत आहेत, मला विचारले की एकसारख्या दांड्याचा मध्यातून जाणाऱ्या लंब अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्याच्या गतीतील बदलाला होणारा विरोध) वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले बारा असतो, तर हे बारा आले कोठून? टोकाच्या अक्षासाठी तेथे तीन येतात, हेही मला पाठ होते. पण कागदावर पहिली ओळ काय लिहायची, तेच मला सुचले नाही. दादांनी दांड्याचा एक बारीक तुकडा घेऊन संकलन (इंटिग्रेशन, म्हणजे बारीक तुकड्यांची बेरीज) मांडून दिले, तेव्हा ते मी अर्ध्या मिनिटात सोडवले. म्हणजे मला संकलन करता येते, पण मांडता येत नाही, आणि हे लक्षात आल्यापासून मी खरोखर अस्वस्थ आहे.

ही मांडणी सरावाने येते का, आणि येत असल्यास कोणत्या प्रकारच्या उदाहरणांपासून सुरुवात करावी? शिवाय अकरावीचा भाग, विशेषतः संमिश्र संख्या आणि त्रिकोणमिती, सीईटीत सुमारे २० टक्केच असल्याने मी घाईने उरकला होता. तो पुन्हा पहिल्यापासून करावा का, की थेट पहिल्या वर्षाचे मॅट्रिक्स आणि आंशिक विकलन (पार्शियल डिफरन्शिएशन) वाचायला घ्यावे? आपल्यापैकी कोणी या वाटेने गेले असल्यास कृपया सांगावे.

उत्तर :
मी अनेक वर्षे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवले आहे. तुमची अडचण तुम्ही अचूक ओळखली आहे. पहिल्या वर्षाचे पुस्तक आत्ता उघडू नका, ते वर्गात होईलच. अकरावीची त्रिकोणमिती, लॉगॅरिथम आणि संमिश्र संख्या मात्र पुन्हा करा, कारण एसी सर्किटमध्ये विद्युतदाब आणि प्रवाह यांच्यातील कलांतर (एक दुसऱ्याच्या किती पुढे-मागे चालतो ते) संमिश्र संख्येनेच हाताळतात आणि तेथे अडखळणारा विद्यार्थी सर्किटमध्ये नव्हे, अकरावीत अडखळलेला असतो.

विकलनासाठी एक काम सुचवतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी फूट-इंचांत सतत जाहीर होत असते. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे तुम्हाला सांगायला नको. ते आकडे वेळेसह वहीत उतरवा आणि आलेख हाताने काढा. आलेखाचा चढ म्हणजे विकलन. ‘पाणी वाढतेय, पण वाढीचा वेग कमी झालाय’ असे आपण म्हणतो, तेव्हा पहिले विकलन धन आणि दुसरे ऋण असते. हे डोळ्यांना दिसू लागले की सरल आवर्त गतीचे (स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारख्या पुढे-मागे होणाऱ्या गतीचे) समीकरण वाचताना ते केवळ चिन्हांचे राहत नाही.

संकलनाच्या मांडणीसाठी राधानगरी धरण डोळ्यांसमोर आणा. उभी भिंत, रुंदी १ मीटर, पाण्याची खोली १० मीटर. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, म्हणून संपूर्ण भिंतीला एकच दाब लावता येत नाही. परंतु एका बारीक आडव्या पट्टीवर तो सगळीकडे सारखाच असतो. त्या पट्टीवरील बल लिहा आणि मग वरपासून खालपर्यंत बेरीज करा. ‘ज्या तुकड्यावर राशी बदलत नाही असा तुकडा कोणता?’ हा प्रश्न प्रत्येक उदाहरणात पहिल्या ओळीपूर्वी विचारायचा. दांड्यासाठी तो छोटी लांबी असतो, चकतीसाठी बारीक कडे (रिंग), गोलासाठी पातळ चकती. रोज एकच उदाहरण करा, पण उत्तर न पाहता.

प्रश्नकर्ता :
सर, मनापासून आभार. भिंतीवरील एकूण बल ४ लाख ९० हजार न्यूटन आले. त्यानंतर हेच बल भिंतीला पायथ्याभोवती किती जोराने उलटवू पाहते, ते काढण्याचा प्रयत्न केला, पण प्रत्येक पट्टीच्या बलाला पृष्ठभागापासूनच्या खोलीने गुणले आणि बलाचा परिणामी बिंदू (जेथे संपूर्ण बल एकवटले आहे असे धरता येते तो) पायथ्यापासून दोन-तृतीयांश उंचीवर आला. दाब तर तळाशी जास्त असतो, म्हणून हे उत्तर मला पटत नाही.

उत्तर :
बल बरोबर आहे. उत्तर पटत नाही म्हणून तुम्ही थांबलात, ही सवय जपा. दाबासाठी खोली पृष्ठभागापासून मोजायची, पण बलाची भुजा (ज्याभोवती भिंत उलटेल तेथून बलापर्यंतचे अंतर) पायथ्यापासून, म्हणजे १० वजा खोली. तुम्ही दोन्हींसाठी एकच अंतर वापरले आहे. पुन्हा करा, बिंदू पायथ्यापासून एक-तृतीयांश उंचीवर येईल. त्यानंतर पाण्याची खोली दुप्पट धरून पाहा : बल चौपट होते, पण उलटवणारा परिणाम आठपट. तो आठपट का होतो, हे संकलन न करता, केवळ बल आणि भुजा यांवरून एका वाक्यात लिहून पाठवा.