निर्यातीच्या द्राक्षांत देठ सुकणे आणि ब्रिक्सच्या आकड्यांतील तफावत

प्रश्न : निफाडचा बागायतदार

नमस्कार. आमची थॉमसन सीडलेसची बाग निफाड तालुक्यात आहे आणि माल एका निर्यातदारामार्फत नेदरलँड्सला जातो. गेल्या हंगामात दोन मुद्द्यांवर त्यांचे आणि आमचे जुळले नाही. दोन्ही मुद्दे काढणीनंतरच्या मोजमापाशी निगडित असल्यामुळे येथे विचारत आहे.

पहिला मुद्दा गोडीचा. बागेत आमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाची गोडी मोजणारे उपकरण) १८ ब्रिक्स (म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम साखर) येत असताना पॅकहाऊसमधील तपासणीत त्याच प्लॉटचा माल १६.४ निघाला. दोन्ही उपकरणे डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतात, म्हणजे उपकरण बिघडले असेही नाही. दुसरा मुद्दा देठांचा. माल रॉटरडॅमला उतरल्यावर आलेल्या अहवालात मणी कडक आहेत, रंग एकसारखा आहे आणि सड जवळपास नाही असे लिहिले होते. तरीही देठ आणि पाकळ्या (घडाच्या मुख्य देठाला फुटलेल्या, मणी धरणाऱ्या उपशाखा) तपकिरी पडल्याचे कारण देऊन दर कमी करण्यात आला. बागेतच मालाला दम नव्हता, असे निर्यातदारांचे म्हणणे आहे. कंटेनरमधील तापमानाची नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य ते एक अंश सेल्सिअस एवढीच आहे, त्यामुळे वाटेत थंडावा तुटला असेही म्हणता येत नाही.

येत्या हंगामात प्रत्येक बॉक्समध्ये एकाऐवजी दोन ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा वायू सोडणारे पॅड) टाकावेत, असा सल्ला एका परिचितांनी दिला आहे. तो योग्य आहे काय, आणि देठ सुकण्याचे मूळ बागेत शोधावे की पॅकहाऊसमध्ये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : गुणवत्ता तपासनीस, पिंपळगाव

आपल्या पहिल्या मुद्द्यापुरते लिहितो. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण दोघांनी वेगवेगळे मणी मोजले आहेत. एकाच घडात वरच्या पाकळ्यांवरील मणी आधी भरतात आणि शेंड्याकडील मागे राहतात. उघड्यावरचा घड आणि पानांच्या दाट सावलीतला घड यांतही फरक पडतो. बागेत फिरणाऱ्याचा हात आपोआप वरच्या, पिवळसर झाक आलेल्या मण्याकडे जातो आणि तोच मणी चिमटून निघालेल्या दोन थेंबांवर प्लॉटची गोडी ठरते. पॅकहाऊसमध्ये मात्र बहुधा पूर्ण घडांचा रस काढला जातो, त्यामुळे तेथे आकडा खाली येणे स्वाभाविक आहे.

नमुना घेताना कडेच्या ओळी आणि ओळींच्या टोकाच्या वेली वगळाव्यात. प्लॉटभर तिरपे चालत वेगवेगळ्या वेलींवरून, मांडवाच्या दोन्ही बाजूंनी घड निवडावेत आणि प्रत्येक घडाच्या वरून, मधून व शेंड्यावरून एक-एक मणी घ्यावा. असे शंभरेक मणी एकत्र चिरडून, रस मलमलच्या कापडातून गाळून आणि नीट ढवळून मगच थेंब काचेवर ठेवावा. आदल्या दिवशी ठिबक किती वेळ चालले होते, हेही सोबत लिहून ठेवलेले बरे.

उपकरणाविषयी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. ब्रिक्सची मोजपट्टी २० अंश सेल्सिअसला धरलेली असते, आणि तापमानाची भरपाई आपोआप करणारी साधी हातातली उपकरणेही बहुतेक वेळा १० ते ३० अंशांपर्यंतच ती भरपाई करतात. मार्चच्या दुपारी खिशात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेले उपकरण त्यापुढे जाते. ज्या उपकरणात भरपाईची सोयच नाही, ते ३५ अंशांना सुमारे एक ब्रिक्स कमी दाखवते. आपले १८ भर दुपारचे असतील, तर निवडलेल्या मण्यांची खरी गोडी त्याहूनही जास्त होती आणि नमुन्यातील फरक आपण समजता त्याहून मोठा होता. सकाळी सावलीत मोजणे एवढाच यावर सोपा उपाय आहे.

नुसत्या गोडीवर थांबू नये. १० मिलिलिटर गाळलेला रस घेऊन त्यात फिनॉल्फथॅलिन या रंगदर्शकाचे थेंब टाकावेत आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडावे. जितके मिलिलिटर लागले त्याला ०.०७५ ने गुणले की १०० मिलिलिटर रसात टार्टारिक आम्ल किती ग्रॅम आहे, ते मिळते. समजा ८ मिलिलिटर लागले, तर आम्ल ०.६ आले, १६.४ ला ०.६ ने भागल्यास गोडी-आम्ल गुणोत्तर २७ च्या पुढे जाते. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणारी संस्था) २००७ च्या मानकात १६ ब्रिक्सची अट आहे, आणि त्याखालचा माल गुणोत्तर चांगले असल्यास चालतो : १४ ते १६ च्या दरम्यान १८ ला १, आणि १२.५ ते १४ च्या दरम्यान २० ला १. या हिशोबाने आपला १६.४ चा माल मानकात बसत होता. प्रश्न उरतो तो आपल्या करारात कोणता आकडा लिहिला होता आणि नमुना कोणत्या पद्धतीने घ्यायचा हे त्यात लिहिले होते की नाही, याचा. बहुतेक करारांत दुसरी गोष्ट नसते आणि वाद तेथेच सुरू होतो.

द्राक्ष वेलीवरून उतरल्यावर आंब्या-केळ्यासारखे पिकत नाही, त्यामुळे थंडाव्यात ठेवल्यावर गोडी वाढेल अशी अपेक्षा ठेवून लवकर काढणी करू नये. साठवणीत कधी आकडा थोडा वर दिसतो, पण ती साखर वाढलेली नसून पाणी उडालेले असते.

उत्तर : शीतसाखळीतील अभियंता, पुणे

देठांविषयी. कंटेनरची नोंद निर्दोष असणे आणि देठ सुकणे यांत विसंगती नाही, कारण ती नोंद कंटेनर भरल्यानंतर सुरू होते आणि तीसुद्धा हवेची असते. मण्याच्या गराचे तापमान किती होते आणि घड वेलीवरून तुटल्यापासून प्रीकूलिंगमध्ये (कंटेनर भरण्याआधी माल थंड हवेने झटपट गार करणे) जाईपर्यंत किती तास गेले, यांविषयी ती काहीच सांगत नाही. नुकसान बहुधा त्या तासांतच होते आणि डोळ्यांना मात्र बऱ्याच दिवसांनी दिसते.

याचे कारण साधे आहे. मण्यावर पांढरट मेणाचा थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. देठाला आणि पाकळ्यांना तसे संरक्षण नसते आणि वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून घडातील पाणी आधी तेथून जाते. किती वेगाने जाते, तेही काढता येते. ३५ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत पाणी ओढून घेणारी बाष्पदाबाची तूट सुमारे ४.२ किलोपास्कल असते. शून्य अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेला ती केवळ ०.०३ च्या आसपास उरते. म्हणजे हवेची ओढ सव्वाशेपटीहून अधिक. बांधावर क्रेटमध्ये एक तास उन्हात राहिलेला घड जे पाणी गमावतो, ते कोल्ड स्टोअरेजमध्ये गमावायला त्याला कित्येक दिवस लागले असते. एकूण वजनाच्या दोन-अडीच टक्के पाणी गेले तरी देठांवर त्याच्या खुणा दिसू लागतात. पाच किलोच्या बॉक्समध्ये हे जेमतेम सव्वाशे ग्रॅम झाले, आणि तेवढ्याने मण्यांत काहीही जाणवत नाही. आपल्या अहवालात मणी कडक आणि देठ तपकिरी होते, ते नेमके याच्याशी जुळते.

म्हणून तीन वजने करावीत : खूण केलेली काही क्रेट काढणीच्या वेळी, पॅकहाऊसच्या दारात आणि प्रीकूलिंगनंतर. त्याच तिन्ही वेळी सुई असलेल्या थर्मामीटरने गराचे तापमान घ्यावे. खोलीच्या दारावरचा आकडा येथे कामाचा नाही. प्रीकूलिंगबद्दल एवढे ध्यानात ठेवावे की माल सरळ रेषेत थंड होत नाही. शून्य अंशाच्या हवेत ३० अंशांचा मणी दोन तासांत १५ वर आला, तर पुढच्या दोन तासांत साडेसातवर आणि त्यापुढील दोन तासांत पावणेचारवर येतो. दर टप्प्याला उरलेल्या फरकाचा निम्माच भाग जातो. पॅकहाऊसमध्ये गर्दी झाली की शेवटचा टप्पा कापला जातो आणि सात-आठ अंशांचा माल कंटेनरमध्ये चढतो. कंटेनरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. बॉक्सच्या मधोमध असलेले मणी त्यानंतर कित्येक दिवस उबदार राहू शकतात.

दोन ग्रेप गार्ड टाकू नयेत. त्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असते, बॉक्समधल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो मण्यांच्या पृष्ठभागावरील करड्या बुरशीचे बीजाणू मारतो. ही बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढत असल्यामुळे पॅड हवाच. पण मण्याच्या आत शिरलेली लागण पॅडने थांबत नाही आणि देठातून गेलेले पाणी तर त्याने मुळीच परत येत नाही. मात्रा वाढली की देठाजवळ आणि सालीवरच्या सूक्ष्म चिरांपाशी मणी पांढरे पडतात, आणि अवशेषाची १० पीपीएमची मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका वेगळाच. थंड झालेला बॉक्स उघड्या गरम हवेत आणला तर त्यावर दव धरते आणि एकाच पॅडमधून ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक वायू एकदम सुटतो. कंटेनर भरण्याची जागा बंदिस्त आणि थंड हवी, ती यासाठीच.

उत्तर : दिंडोरीचा शेतकरी

वरील माहिती बरोबर आहे, परंतु सगळे खापर उन्हावर आणि पॅकहाऊसवर फोडणे मला पटत नाही. घडाचा देठ बागेत कसा तयार झाला, यालाही महत्त्व आहे. फुगवणीसाठी संजीवकांच्या (वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनांच्या) मात्रा वाढवत नेल्या की देठ जाड दिसतो, पण त्यामुळे तो टिकाऊ असतोच असे नाही. त्यांपैकी सीपीपीयू या संजीवकाचा अतिरेक झाला तर साखरही उशिरा भरते आणि आपला पहिला प्रश्न तेथूनच सुरू होतो. काढणीच्या आधीच्या दिवसांत गोडी लवकर यावी म्हणून पाण्याचा जास्तच ताण दिला असेल, तर घड बागेतूनच तहानलेला निघतो. निर्यातदारांच्या ‘दम नव्हता’ या शब्दांत थोडे तथ्य असू शकते, मात्र ते त्यांनी मोजून दाखवायला हवे.

आणखी एक. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात आपला माल अडकला, तेव्हापासून नाशिकमध्ये गुणवत्ता म्हणजे प्रयोगशाळेचा अवशेष अहवाल, असेच समीकरण झाले आहे. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी अपेडाची ऑनलाइन प्रणाली) प्लॉटची नोंद होते आणि अहवाल लागतो, हे चांगलेच आहे. पण काढणी किती वाजता सुरू झाली, क्रेट सावलीत होते की नव्हते, गाडी किती वाजता निघाली, याचा एक कागदही कोणी ठेवत नाही. आम्ही उजाडताच काढणी सुरू करून ऊन तापण्याआधी थांबतो. घड देठाला धरूनच उचलतो, म्हणजे मण्यांवरचा मेणाचा थर पुसला जात नाही. क्रेटवर ओले गोणपाट टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती टाळावी, कारण पाणी मण्यांवर टपकले की सडीला आमंत्रण मिळते. क्रेटवर कोरडे, फिक्या रंगाचे आच्छादन आणि वर शेडनेट पुरते.

प्रतिसाद : निफाडचा बागायतदार

सर्वांचे आभार. काढणी आमच्याकडे मजुरांच्या टोळीच्या सोयीने सुरू होते आणि दुपारपर्यंत चालते, त्यामुळे अभियंत्यांनी दिलेला हिशोब नेमका लागू पडतो. एक शंका उरते. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. अशा वेळी माल तिकडे पोहोचल्यावर दिसणारा दोष आमच्या बागेचा, पॅकहाऊसचा की केवळ लांबलेल्या दिवसांचा, हे कसे ठरवायचे?

उत्तर : शीतसाखळीतील अभियंता, पुणे

त्यासाठी राखीव बॉक्स ठेवावेत. ज्या लॉटचा कंटेनर गेला, त्याच लॉटचे, त्याच दिवशी आणि तेच पॅड घालून भरलेले तीन-चार बॉक्स पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये शून्य अंशाला ठेवून द्यावेत आणि त्यांवर आपली व निर्यातदारांची अशा दोन्ही सह्या घ्याव्यात. सोबत एक बॉक्स असा ठेवावा की ज्यातील घड पहाटे काढून तासाभरातच प्रीकूलिंगमध्ये गेले आहेत. दर आठवड्याला वजन, देठांचा रंग, मणीगळ आणि सड यांची नोंद करून छायाचित्र काढावे. देठाच्या रंगासाठी पूर्ण हिरवा, पाकळ्यांची टोके तपकिरी, पाकळ्या तपकिरी आणि मुख्य देठही तपकिरी अशा चार पायऱ्या पुरेशा आहेत.

माल तिकडे उतरेल त्या आठवड्यात दोन्ही प्रकारचे बॉक्स येथे हिरवे असतील, तर दोष प्रवासातला आहे. नेहमीच्या पद्धतीचे बॉक्स तपकिरी आणि पहाटेचा हिरवा असेल, तर दोष काढणी ते प्रीकूलिंग या काळातला आहे. दोन्ही तपकिरी असतील, तर दिंडोरीच्या मित्रांचे म्हणणे तपासावे किंवा हा माल इतके दिवस टिकणारा नव्हता असे धरून तो जवळच्या बाजाराकडे वळवावा. त्यासाठी प्रवासाचे सगळे दिवस वाट पाहण्याचीही गरज नाही. राखीव बॉक्समधले दोन घड काढून सामान्य तापमानाला उघडे ठेवले, तर कोणत्या लॉटचे देठ आधी सुकतात हे एक-दोन दिवसांतच कळते आणि पुढच्या कंटेनरमध्ये कोणता प्लॉट भरायचा, हे त्यावरून ठरवता येते.