घरात ख्रिस्ती पुस्तकांचं एक कपाट करायचंय, सुरुवात कुठून करू?

एकच_कपाट:
जय ख्रिस्त मंडळी. आम्ही पुण्यात राहतो, वन बीएचके, त्यामुळे लायब्ररी वगैरे म्हणणं म्हणजे जरा जास्तच होईल, पण हॉलमध्ये एक चार खणांचं कपाट रिकामं केलंय आणि बायकोचं म्हणणं आहे की टीव्हीखाली सेट टॉप बॉक्सशेजारी बायबल पडलेलं असतं ते बरं दिसत नाही, नीट काहीतरी करू. मी मूळचा नगरचा, आमची मंडळी (चर्च) जुन्या अमेरिकन मिशनची. बायको वसईची कॅथलिक. म्हणजे घरात आधीच दोन बायबलं आहेत, माझं ६६ पुस्तकांचं आणि तिचं ७३ चं, आणि मुलीने (वय ९) विचारलं की पप्पा तुमच्यात ७ कमी का, तर मला नीट उत्तर देता आलं नाही. धाकटा चार वर्षांचा आहे, तो सध्या पुस्तकं खातो.

बजेट सुरुवातीला पाच हजार, नंतर दर महिन्याला एखादं. सध्या काय आहे ते सांगतो: माझ्या आजीच्या ट्रंकेतून आलेलं एक फाटकं बायबल, 'उपासना संगीत' हे आमचं गाण्यांचं पुस्तक (मागची पानं गायब), आणि एका नातेवाइकांनी लग्नात दिलेली बारा इंग्रजी पुस्तकं, सगळ्यांच्या कव्हरवर सूर्योदय आहे आणि नावात 'तुमचं जीवन बदला' टाइप काहीतरी आहे. एकही उघडलेलं नाही. आजीच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर मोडीत बरंच काही लिहिलंय, ते आमच्या घरात कुणालाच वाचता येत नाही.

तर प्रश्न असा की मराठीत नक्की काय घ्यावं? ऑनलाइन शोधलं की तीच तीच भाषांतरित पुस्तकं येतात. एक मागवलं पण, पाचव्या दिवशी बाइंडिंग सुटलं. मुलगी इंग्लिश मीडियममध्ये आहे, मराठी वाचते पण बोट ठेवून.

नगरची_मावशी:
बाळा, जय ख्रिस्त. मी तीस वर्षं रविवारची शाळा घेतली त्यामुळे जरा लांब लिहिते, सवय आहे.

पहिली गोष्ट, ते फाटकं बायबल कपाटात सगळ्यात वर ठेव आणि चुकूनही रद्दीत देऊ नकोस. आपल्या लोकांत जन्म, बाप्तिस्मा, लग्न सगळं बायबलच्या कोऱ्या पानावर लिहायची पद्धत होती. मोडी वाचणारे पुण्यात मिळतील, मोडीचे वर्ग चालतात, कुणालातरी फोटो दाखव.

दुसरं, एकदम पाच हजारांची पुस्तकं आणू नकोस. मी लोकांची कपाटं बघितलीत ना, नाताळला स्टॉलवरून गठ्ठा आणतात आणि पुढच्या नाताळला प्लास्टिकसकट तसाच. आधी एकच आण, 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं. आणि पूर्ण आण, शाळा-कॉलेजसाठी केलेली छोटी आवृत्ती पण बाजारात असते ती घरी आणलीस तर मी रागावेन. त्यांच्या नातवाने, अशोक टिळकांनी, टिपांसकट संपादित केलेली मिळाली तर उत्तमच. रात्री जेवण झाल्यावर दोन-तीन पानं मोठ्याने वाचायची, मुलीला बोट ठेवून वाचायला लावू नको, तिने नुसतं ऐकायचं. त्यात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या ज्या टोकाच्या गोष्टी आहेत आणि नवऱ्याचा, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचा, तो चटकन तापायचा आणि तितक्याच चटकन सगळं विसरायचा स्वभाव, पोरं लोळून लोळून हसतात. आणि हसता हसता कळतं की १८९५ साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बाईवर काय गेली असेल, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग ती स्वतःच्या पायाने, स्वतःच्या विचाराने आली. सिद्धांताची दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

मग टिळकांचे अभंग आणि भजनं. आणि 'ख्रिस्तायन' (येशूचं काव्यातलं चरित्र) नंतर कधीतरी. टिळकांनी त्यातले थोडेच अध्याय लिहिले आणि १९१९ ला ते गेले, पुढचं सगळं लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. जिला अक्षरओळखच मुळी लग्नानंतर झाली त्या बाईने. हे मुलीला नक्की सांग.

'उपासना संगीत' मात्र नवं घे. मागची पानं नसली तर सूची नाही, आणि सूची नसली की गाणं सापडेपर्यंत पेटीवाला दुसरंच सुरू करतो.

वसईकर_बावखल:
मावशींनी सगळं नगरचंच सांगितलं, सुनेच्या माहेरचं पण काहीतरी येऊ द्या की कपाटात 🙂

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तोबित, मक्काबी वगैरे ती ७ पुस्तकं ग्रीक जुन्या करारात होती, हिब्रूत नव्हती, प्रॉटेस्टंटांनी हिब्रू यादी धरली, कॅथलिकांनी ग्रीक परंपरेतली ठेवली. झालं. पप्पांत कमी आणि मम्मीत जास्त असं काही नाही. मक्काबीतल्या लढाया नऊ वर्षांच्या मुलीला आवडतील, पण आधी तुम्ही स्वतः वाचून बघा, मारामारी भरपूर आहे.

आता पुस्तक. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल', राजहंसने काढलंय, २०१० चं. जाडजूड आहे, तुमच्या बजेटचा चांगला तुकडा जाईल पण जाऊ द्या. आपल्या जुन्या भाषांतरात वाक्यं अशी आहेत की आपण लहानपणापासून ऐकल्यामुळे कळल्यासारखं वाटतं, पण मुलांना विचारा, काही कळत नाही. दिब्रिटोंनी साधी चालती मराठी वापरली, शिवाय प्रस्तावना, टिपा आहेत, म्हणजे तो काळ कोणता, तिथली माणसं कशी राहायची. तुमच्यासारख्या दोन मंडळींच्या घरात हे मधलं पुस्तक होऊ शकतं. त्याच बायबलच्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा काय काय वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल, त्यात नको जायला. २०२४ च्या जुलैत गेले. त्यांचं आत्मचरित्र 'नाही मी एकला' पण घ्या, निम्मं पुस्तक वसईच्या मातीचं आणि पाण्याचं आहे, बायकोला माहेरी गेल्यासारखं वाटेल.

आणि फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. हे घरात असलंच पाहिजे असं मी म्हणेन, वाचून होईल असं म्हणत नाही. १६१६ सालचं, १० हजार ९६२ ओव्या. इंग्लंडहून आलेला जेझुइट संघाचा धर्मगुरू गोव्यात बसून आपल्या भाषेत ओव्या लिहितो, आणि शाळेत आपण जी 'हरळांमाजि रत्नकिळा' शिकलो ती ह्याच पुराणातली, पण वर्गात कुणी सांगितलं नाही की पुढे ह्यात येशूचा जन्म आहे. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून तेव्हा छापलं रोमन अक्षरात. १९५६ साली शांताराम बंडेलूंनी देवनागरीत काढलं. आता फादर नेल्सन फलकाव यांनी केलेली गद्य मराठीसकटची आवृत्ती आहे ती बघा, कारण नुसती ओवी आज आपल्याला झेपत नाही. पूर्वी गोव्याकडे हे रविवारी, सणाला गाऊन दाखवायचे. उपासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) रोज पाच ओव्या असं करून बघा.

पाळकाचा_मुलगा:
थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. वर सगळ्यांनी साहित्य सांगितलं. साहित्य चांगलंच आहे पण घरात उद्या मुलगी विचारणार की कैसरिया कुठंय, परूशी म्हणजे कोण, तर त्याला 'स्मृतिचित्रे' काय करणार. एक शब्दसूची घ्या (कुठला शब्द कुठल्या वचनात आहे ते दाखवणारी), एक बायबल शब्दकोश घ्या, आणि एक मोठा नकाशा भिंतीला लावा. मराठीत हे जे मिळेल ते घ्या नाहीतर सरळ इंग्रजीत घ्या, लाजायचं काही नाही. माझ्या वडिलांच्या कपाटात सगळ्यात झिजलेलं पुस्तक शब्दसूची होतं, दर शनिवारी रात्री उपदेशाची तयारी करताना ते मांडीवर असायचं, त्यावर चहाचे गोल डाग.

ती बारा सूर्योदयवाली पुस्तकं वाटून टाका. कुणाला वाटायची हा प्रश्न आहेच, मी तरी कुणाच्या लग्नात देणार नाही.

भाषांतरित पुस्तकांबद्दल माझा एक नियम, दुकानात उभं राहून मधलं कुठलंही पान मोठ्याने वाचायचं. तिसऱ्या वाक्याला जीभ अडखळली की ठेवून द्यायचं. बरीचशी भाषांतरं अशी आहेत की मूळ इंग्रजी डोक्यात आणल्याशिवाय अर्थच लागत नाही. ऑनलाइन घेताना हे जमत नाही म्हणून तुम्हाला बाइंडिंग सुटलेलं मिळालं, बाइंडिंग नसतं सुटलं तरी वाचलं नसतंत.

आणि पंडिता रमाबाई कुणीच नाही सांगितल्या? कमाल आहे. बाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं, केडगावला (नगरजवळचं केडगाव नाही, दौंड लायनीवरचं) मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात, आणि काम करणाऱ्या कोण तर आश्रमातल्याच बायका. १९२२ ला रमाबाई गेल्या, बायबल छापून बाहेर आलं १९२४ ला. ते रोज वाचायला घ्या असं नाही म्हणत पण त्यांची 'माझी साक्ष' घ्या, बारीक पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. संस्कृत पुराणं पाठ असलेली बाई कुठून कुठे आली ते तिच्याच शब्दांत.

नगरची_मावशी:
रमाबाईंचं नाव पुढच्या पोस्टमध्ये घेणारच होते, मधे कुकरची शिट्टी झाली. नकाशाचं पटलं. शब्दसूचीचं नाही, नऊ वर्षांच्या पोरीला शब्दसूची दिलीस तर ती परत त्या कपाटाकडे बघणार नाही.

पाळकाचा_मुलगा:
मावशी, शब्दसूची बापासाठी सांगितली हो.

अर्धवट_वाचक:
मी ख्रिस्ती नाही, चुकून ह्या धाग्यावर आलो आणि वाचत बसलो. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात 'स्मृतिचित्रे' आजीच्या पलंगाशेजारी कायम असायचं, ज्ञानेश्वरीच्या वर ठेवलं तर ती ओरडायची, खाली ठेवलं तर चालायचं, पण वाचायची मात्र जास्त तेच.

मला सुचवावंसं वाटतं ते बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विधवांचे हाल हा विषय. भाषा जुनी आहे आणि खरं सांगायचं तर गोष्ट म्हणून मधे मधे कंटाळा येतो, उपदेश फार. तरी ज्या वर्षी सगळा देश बंडात होता त्या वर्षी एक माणूस मराठीत बसून बायकांच्या केशवपनाबद्दल लिहित होता हे मला भारी वाटतं. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' मला कादंबरीपेक्षा जास्त आवडलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात चक्कर मारत राहा, अचानक मिळतात.

एक प्रॅक्टिकल: जुनी पुस्तकं नव्यांत एकदम मिसळू नका, कसर असते. आठ-दहा दिवस वेगळी ठेवा, पानं झटका, कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. आम्ही कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतो. डांबरगोळ्या नकोत, धाकटा पुस्तकं खातो म्हणालात ना, तो त्याही खाईल.

वसईकर_बावखल:
डांबरगोळ्यांचं खरंच मनावर घ्या. आणि वसईत तर पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, आम्ही सप्टेंबरात उन्हं पडली की गच्चीवर वाळवणासारखी पसरतो. पापड, बोंबील आणि संतचरित्रं. एका वर्षी शेजारी शेजारी पसरली आणि संत अंतोनीच्या चरित्राला अजून बोंबलाचा वास येतो.

एकच_कपाट:
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. हिशोब असा झाला: 'स्मृतिचित्रे' पूर्ण, सुबोध बायबल, 'माझी साक्ष', नवं 'उपासना संगीत'. ख्रिस्तपुराण पुढच्या महिन्यात, बजेट संपलं. नकाशा लावलाय, भिंतीचा रंग थोडा निघाला. शब्दसूची सासऱ्यांकडे पडून होती ती आणली, त्यांनी हसत दिली, म्हणाले जावई शेवटी वाचायला लागला.

स्मृतिचित्रे रोज तीन पानं ठरलं होतं, पण मुलगी थांबू देत नाही, काल सात झाली. मधेच विचारते की सोवळं म्हणजे काय, मी आणि बायको दोघं एकमेकांकडे बघतो, मग शेजारच्या काकूंना विचारून येतो. धाकट्याने नव्या उपासना संगीताचा कोपरा खाल्ला, सूची शाबूत आहे.

आणि मोडीचं काम झालं! ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीने एक मोडी शिकलेल्या बाई भेटल्या, त्यांनी अर्ध्या तासात वाचून दाखवलं. आम्हाला वाटलं होतं जन्म-बाप्तिस्मे असतील. तीन आहेत. बाकीची दोन पानं म्हणजे आजीच्या वडिलांनी कुणाला कुठलं पुस्तक वाचायला दिलं त्याची यादी! पुढे 'परत आले' किंवा नुसती रेघ. रेघा जास्त आहेत. आणि अर्धवट_वाचक, तुम्ही हसाल, त्यात 'यमुनापर्यटन' आहे, समोर 'मास्तर' एवढंच लिहिलंय आणि रेघ.

नगरची_मावशी:
कुठल्या गावचे मास्तर ते लिहिलंय का रे? आमच्याकडे एक बिनकव्हरचं आहे.